नर्मदा परिक्रमेसाठी सायकल ओंकारेश्वरला कशी न्यायची

सायकलवर नर्मदा परिक्रमा करायची ठरली की घरात चर्चा रंगते ती अडीच हजारांहून जास्त किलोमीटरची. मुक्काम कुठे, जेवणाचं काय, गुडघे टिकतील का. सायकल पुण्या-मुंबईहून ओंकारेश्वरपर्यंत जाणार कशी, हा प्रश्न कुणीतरी निघायच्या आदल्या आठवड्यात विचारतं, आणि मग धावपळ सुरू होते. परिक्रमा करणारे बहुतेकजण चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीच्या पुढेमागे निघतात. म्हणजे दिवाळीची गर्दी ओसरलेली नसते, गाड्या भरलेल्या असतात आणि पार्सल ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सायकलचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा, कारण कुठल्या गाडीचं तिकीट काढायचं हे सायकल ठरवते.

आधी स्टेशन ठरवा, मग गाडी

परिक्रमेत नर्मदामैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि एकदा संकल्प केला की तिचं पात्र ओलांडायचं नाही. ओंकारेश्वरला दक्षिण तटावरून, ममलेश्वराच्या बाजूने निघालं की तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. संकल्प होईपर्यंत मात्र तुम्ही साधे प्रवासी असता, कुठल्याही पुलावरून या-जा करा. त्यामुळे इंदूरला उतरून सायकलने मोरटक्क्याचा पूल ओलांडत ओंकारेश्वरला आलात तरी काही बिघडत नाही. अंतर ७५-८० किलोमीटर, वाटेत विंध्याचा घाट उतरायचा.

तरी महाराष्ट्रातून रेल्वेने जाणाऱ्याने खंडवाच धरावं. मुंबई–इटारसी या मुख्य मार्गावरचं मोठं स्टेशन, नर्मदेच्या दक्षिणेला, आणि तिथून सनावद-मोरटक्का करत ओंकारेश्वर साधारण ७० किलोमीटर. पुण्याहून सुटणारी झेलम एक्स्प्रेस आणि मुंबईहून सुटणारी पंजाब मेल, दोन्ही खंडव्याला थांबतात. गाडी जिथून सुटते तिथेच सायकल चढवायला मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण फलाटावर गाडी बराच वेळ उभी असते आणि सायकल डब्यात गेलेली तुम्हाला डोळ्यांनी बघता येते.

खरी अडचण उतरताना येते. गाडी जिथे पाच मिनिटंही थांबत नाही तिथलं सामान पार्सल ऑफिस सहसा घेत नाही, आणि घेतलं तरी ते वेळेत खाली उतरेलच याची खात्री नसते. म्हणून तिकीट काढायच्या आधी वेळापत्रकात आगमन आणि प्रस्थान या दोन वेळांमधलं अंतर बघा. तुमच्या गाडीचा खंडव्याचा थांबा दोन-तीन मिनिटांचाच असेल तर सरळ भुसावळला उतरा. जंक्शन मोठं, थांबा मोठा, आणि तिथून बऱ्हाणपूर, असीरगड करत खंडवा सायकलने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सायकल भुसावळला हातात पडणं हे ती खंडव्यावरून पुढे इटारसीला निघून जाण्यापेक्षा केव्हाही बरं. शिवाय त्या दोन दिवसांत सायकलमध्ये काय वाजतंय, काय घासतंय हे कळतं. माझा सल्ला विचाराल तर वेळ असेल त्याने मुद्दाम भुसावळपासूनच चालवत जावं.

परिक्रमा ओंकारेश्वरलाच उचलावी असा काही दंडक नाही, तटावर कुठूनही उचलता येते. मात्र स्टेशन कुठल्या तटावर आहे हे डोक्यात पक्कं असू द्या. नर्मदापुरम आणि अंकलेश्वर दक्षिण तटावर, भरूच आणि जबलपूर उत्तर तटावर. पुढे कधी सायकल मोडली, सुटा भाग मागवावा लागला किंवा प्रकृतीमुळे परत फिरावं लागलं, तर याच माहितीवर सगळं अवलंबून राहतं. तुम्ही दक्षिण तटावर असताना मित्राने जबलपूरच्या पत्त्यावर टायर पाठवला, तर तो आणायला तुम्ही पलीकडे जाऊ शकणार नाही.

लगेज म्हणून द्या, पार्सल म्हणून नको

हे दोन शब्द पार्सल ऑफिसात सर्रास एकासारखे वापरले जातात, पण प्रकार वेगळे आहेत. लगेज म्हणजे तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीने जाणारं सामान. पार्सल म्हणजे तिकीट नसतानाही पाठवता येणारा माल. तो जागा मिळेल त्या गाडीने, जागा मिळेल त्या दिवशी जातो. तुम्ही खंडव्यात आणि सायकल अजून पुण्याच्या फलाटावर, हा अनुभव नको असेल तर खिडकीवर स्वच्छ सांगा: "लगेज बुक करायचंय, याच गाडीचं तिकीट आहे."

तिकिटावर ठरावीक वजनाचं सामान मोफत नेता येतं, स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो. सायकल त्यात धरत नाहीत, तिचं भाडं वेगळं पडतं. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

नुकसानभरपाईचं गणितही आधी समजून घ्या. किंमत जाहीर न करता दिलेल्या सामानाची रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरती असते. म्हणजे १५ किलोची सायकल हरवली तर १,५०० रुपये. ती ४०,००० ची असो की ४,००० ची. बुकिंग करतानाच किंमत जाहीर करून त्यावरचं टक्केवारी शुल्क भरलं तर ही मर्यादा वाढते. भारी सायकल असेल तर हा फॉर्म भरायचा कंटाळा करू नका, आणि बिल जवळ ठेवा.

"सुटी करून बॅगेत भरली आणि बर्थखाली सरकवली तर?" असं हमखास विचारलं जातं. डब्यात नेता येणाऱ्या पेटीचं नियमातलं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर. आता ७०० सी चाकाची (मोठ्या सायकलींवरचं नेहमीचं माप) नुसती रिम, टायर काढून, ६२ सेंटिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे चाकच मापात बसत नाही, फ्रेमचं तर सोडाच. लोक नेतात, पण ते टीसीच्या मर्जीवर. छोट्या चाकांची घडीची सायकल असेल तरच या वाटेला जा.

बांधणी

इथे माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. रेल्वेने नेताना सायकल खोक्यात भरू नका. दोन्ही चाकं जागेवर ठेवा, टायरमध्ये हवा ठेवा, चाकं फिरती ठेवा. कारण साधं आहे. ढकलत नेता येणारी वस्तू हमाल ढकलत नेतो. १५-२० किलोचं बोजड खोकं मात्र उचलून आपटलं जातं आणि त्यावर आणखी चार खोकी चढतात. सायकल दिसली की ती उभी ठेवायची असते हे कुणालाही सांगावं लागत नाही.

सामान फार लागत नाही. पुठ्ठा, फोमच्या नळ्या (एसीच्या पाइपवर घालतात त्या), दोन गोणपाटं, सुतळी, दाभण आणि चिकटपट्टी. धान्याच्या दुकानात गोणपाट मागितलं की मिळतं. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींबरोबर आलेले पुठ्ठे आणि फोम पडलेलेच असतात, ते बहुधा फुकट देतात.

सुरुवात फोटोंनी करा. चारही बाजूंनी, आणि फ्रेम नंबरचा एक जवळून. बहुतेक सायकलींवर तो पेडलांच्या मधल्या नळीच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. नंतर जे जे हाताने निघतं ते काढा: दिवे, मीटर, पंप, बाटल्या, सीटखालची पिशवी. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) सायकलवर लटकवून पाठवायच्या नाहीत, त्या तुमच्याबरोबर डब्यात.

सीटच्या दांड्यावर जिथे फ्रेम लागते तिथे चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि मग सीट पूर्ण खाली करा. हा वेढा विसरलात तर पुढचे चार दिवस उंची अंदाजाने लावाल आणि गुडघे त्याचा हिशेब मागतील.

मागचा गिअर सगळ्यात मोठ्या दात्याच्या चकतीवर आणा. त्यामुळे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आत, स्पोकच्या बाजूला ओढला जातो आणि बाहेरून बसणाऱ्या धक्क्यापासून वाचतो. त्याच्याभोवती पुठ्ठ्याची पेटीसारखी घडी करून सुतळीने बांधा. वाटेत वाकतो तो बहुधा डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा. तुमच्या मॉडेलचा एक जादा हँगर बरोबर ठेवा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि खंडव्यात तुमचाच मिळेल या भरवशावर राहू नका.

हँडल आडवं राहिलं तर अडकतं. स्टेमच्या (हँडल धरून ठेवणारा आखूड दांडा) बाजूचे दोन बोल्ट सैल करून हँडल फ्रेमच्या रेषेत वळवा, आणि हलणार नाही इतपत पुन्हा आवळा. वरच्या टोपणाच्या बोल्टला हात लावायचा नाही, तो हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा, ताण धरून असतो. पेडल काढायची गरज सहसा पडत नाही. काढायचंच झालं तर लक्षात असू द्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी पहिल्या वेळी डावं पेडल 'सैल' करायला पान्यावर उभा राहिलो होतो. वीस मिनिटं ते अधिकच घट्ट करत होतो. शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्याने एका हाताने काढून दिलं, एक शब्द न बोलता, आणि ते जास्त लागलं.

आता वेष्टन. फ्रेमच्या नळ्यांना फोम, दात्यांच्या मोठ्या चकतीला पुठ्ठा, डिस्क ब्रेक असेल तर चकतीवरही पुठ्ठा. त्यावर गोणपाट, दाभणाने शिवून. चाकं उघडी. ब्रेकचे लिव्हर सुतळीने बांधू नका, सायकल ढकलता आली पाहिजे. काही कारणाने चाक काढावंच लागलं, तर हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. चाक नसताना लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड मिटतात आणि चाक परत आत जात नाही.

शेवटी नाव. लेबल पुठ्ठ्याचं नको, बॉलपेनने तर नकोच. माझं लेबल एकदा पावसात भिजून नुसता लगदा झालं होतं आणि सायकल माझी आहे हे पटवायला पावती, फोटो आणि फ्रेम नंबर सगळं दाखवावं लागलं. तेव्हापासून कापडाच्या तुकड्यावर जाड मार्करने लिहितो आणि गोणपाटाला शिवून टाकतो, दोन ठिकाणी. कुठून, कुठे, गाडी क्रमांक, पीएनआर, नाव, मोबाइल. 'खंडवा' हे सगळ्यात मोठ्या अक्षरात, देवनागरीत आणि इंग्रजीत.

निघायच्या दिवशी

गाडीच्या अर्धा तास आधी सामान बुक झालेलं असावं हा नियम, पण तुम्ही तीन तास आधी पोचा. दिवाळीच्या आसपास चार. तिकिटाची छापील प्रत आणि ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या. फॉर्म भरायचा, वजन करायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची. पावतीवर उतरायचं स्टेशन बरोबर लिहिलंय का ते खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. पावतीचा फोटो काढा, मूळ कागद पाकिटात.

मग पार्सल ऑफिसात विचारा, सायकल पुढच्या एसएलआरमध्ये जाणार की मागच्या. एसएलआर म्हणजे गाडीच्या टोकाला असणारा, गार्डची जागा आणि सामानाचा कप्पा असलेला डबा. काही गाड्यांत यातला एखादा कप्पा खासगी ठेकेदाराला लीजवर दिलेला असतो आणि त्यात तुमचं लगेज जात नाही, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. सायकल चढेपर्यंत तिथून हलू नका. हमालाला आधीच सांगून ठेवा की सायकल दाराजवळ, उभी, बाकीच्या मालाच्या अंगाला टेकून ठेवायची. खंडव्याच्या पलीकडे जाणारा माल आत, तुमची सायकल बाहेर. ती तळाशी गाडली गेली तर रात्रीच्या वेळी पाच मिनिटांत कोण उपसणार? हमालाचे पैसे आधी ठरवा आणि चढवून झाल्यावर द्या.

गार्डला, म्हणजे आता ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात त्यांना, "साहेब, खंडव्याला माझी सायकल उतरायचीय" एवढं सांगून ठेवलेलं बरं. पुढे ड्यूटी बदलते, तरी सांगावं.

महाराष्ट्रातून संध्याकाळी निघालेली गाडी खंडव्याला मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे पोचते. गजर लावून झोपा. बऱ्हाणपूर गेलं की बूट घाला आणि सायकल ज्या टोकाला आहे त्या बाजूच्या दाराशी जा. गाडी थांबताच एसएलआरकडे. सायकल उतरली की ती पार्सल ऑफिसात जाते, पावती दाखवून, सही करून ताब्यात घ्यायची. लगेच घ्या. मुदतीत न उचललेल्या सामानावर व्हार्फेज नावाचा दंड लागतो.

बस, मोटार, कुरिअर, विमान

खासगी स्लीपर बस पुण्याहून इंदूरला रात्रभरात नेतात आणि डिकीत सायकल मावते. तिथे मात्र उलटा नियम: पुढचं चाक काढा, सायकल चेनची बाजू वर ठेवून आडवी करा, आणि तुमच्या सायकलवर बॅगा येणार नाहीत हे डिकी बंद होईपर्यंत बघा. फोनवर बुकिंग करताना विचारून घ्या. डिकी मालाने भरलेली असेल तर ऐनवेळी नाही म्हणतात. धुळे-सेंधव्यावरून जाणारी बस असेल तर इंदूरपर्यंत जायचीही गरज नाही. नर्मदेच्या अलीकडे जुलवानियाला उतरून खरगोनवरून सनावद गाठता येतं. पहाटे हायवेवर एकट्याने उतरायचं असल्यामुळे दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट हाताशी हवं.

मोटारीचं सोपं, फक्त गाडी परत कोण आणणार ते ठरवा. चार-पाचजण असाल तर छोटा टेम्पो करून सायकली उभ्या बांधून नेणं उत्तम. दोन सायकलींच्या मध्ये जुनी गादी किंवा सतरंजी.

कुरिअरने बऱ्याच कंपन्या आकारमानावर वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. १४० × ७५ × २२ चं खोकं ४६ किलो भरतं. सायकल १५ किलोची, बिल ४६ किलोचं.

विमानाने इंदूर गाठायचं तर खोक्याला पर्याय नाही. तेव्हा पेडल, हँडल, पुढचं चाक सगळं काढावं लागेल. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. ई-सायकल असेल तर विमान विसरा, १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत आणि ई-सायकलच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

फलाटावरची जोडणी

पार्सल ऑफिसबाहेर उजेडाची जागा बघा. गोणपाट कापू नका, टाके उसवा, परतीला लागेल. हँडल सरळ करताना पुढचं चाक दोन पायांत धरा, नाकासमोर रेष जुळवा, बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हेडसेटमध्ये खडखड जाणवली तर स्टेमचे बोल्ट सैल करून आधी वरचं टोपण किंचित आवळा, मग स्टेम. सीट चिकटपट्टीच्या खुणेवर. चाकं फिरवून ब्रेकला घासतात का ते बघा.

गिअर सगळ्यात शेवटी तपासायचा. मागे उभं राहून डिरेलरकडे बघा. वरचं आणि खालचं गोल चाक मागच्या चकत्यांना समांतर, एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे. खालचं आत झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. तसंच निघालात आणि चढावर हलका गिअर टाकलात की डिरेलर स्पोकमध्ये जातो, आणि मग हँगरबरोबर डिरेलर आणि चाकही जातं. उजाडेपर्यंत थांबा, चहा घ्या, मगच निघा.

आणखी एक वाहतूक: समुद्राची

सायकल एकदा ओंकारेश्वरला पोचली की वाहतुकीचा विषय संपला असं वाटतं, पण मध्ये एक नाव आहे. दक्षिण तटाच्या शेवटी, भरूच जिल्ह्यातल्या विमलेश्वरच्या बाजूने नर्मदेच्या मुखापाशी नावेत बसायचं आणि खाडी पार करून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं. मैया इथे समुद्राला मिळते, म्हणून हे तिला ओलांडणं होत नाही. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, घड्याळाच्या नाही. नावाडी सायकल घेतीलच असं गृहीत धरू नका. पोचलात की त्याच संध्याकाळी विचारा, सायकलचे वेगळे पैसे किती तेही.

किनाऱ्यावर चिखल असतो. पॅनिअर आधी उतरवून वेगळ्या द्या, सायकल खांद्यावर घ्या. नावेत ती चेनची बाजू वर करून आडवी आणि नावेच्या लाकडाला दोरीने बांधलेली. खारं पाणी उडणारच. मोबाइल, कागद, पासबुक सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. पलीकडे उतरल्यावर पहिलं काम गोड्या पाण्याची बादली शोधणं. सायकल धुवा, चेन कोरडी पुसा, तेल द्या. एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी चेनवर तांबूस थर दिसतो.

परतीसाठी गोणपाट आणि दाभण ओंकारेश्वरच्या आश्रमात नाव लिहून ठेवून जा, परिक्रमावासींचं सामान बहुतेक आश्रमांत सांभाळतात. परिक्रमा पूर्ण झाली, ओंकारेश्वराला जल वाहिलं की पूल मोकळे. मग इंदूरहून या किंवा खंडव्याहून. खंडव्याहून येणार असाल तर तिथे गाडी मधूनच आलेली असते, थांबा थोडा असतो, त्यामुळे आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन सायकल घेतील का ते विचारून ठेवा. नाही म्हणाले तर तेच, सायकलने भुसावळ.